मोबाइलचा उपवास आणि पारण्याची वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ पुण्यात आयटी कंपनीत आहेत, वय 41. पहाटे साडेपाचला नामजपाची एक माळ करतात, पण तिसाव्या-चाळिसाव्या मण्यापाशी हात फोनकडे जातो. गेले तीन महिने दर रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ते मोबाइलचा उपवास धरतात. दिवस कसाबसा निघतो, पण सहाला फोन हातात आला की साडेनऊपर्यंत सुटत नाही. पत्नी म्हणते, रविवारी तुमची चिडचिड वाढते. तेरा वर्षांची मुलगी म्हणते, बाबांचा उपवास म्हणजे आम्हाला शिक्षा. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. ही साधना आहे का? ऑन-कॉल असताना, म्हणजे ऑफिसचा फोन कधीही येऊ शकतो अशा आठवड्यात, काय करायचं? आणि दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जावं का?

मी कोणत्या अधिकाराने बोलते आहे ते आधी सांगते. मी आचार्य नाही, सहायक आचार्यही नाही. नाशिकला राहते, संसार केला, नोकरी केली. 2001 साली इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात पहिलं शिबिर केलं आणि तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ बसते. अधूनमधून धम्मसेविका म्हणून, म्हणजे शिबिरात साधकांना मदत करायला, सेवेला जाते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते बसून-उठून, चुकून आणि इतर साधकांना जवळून पाहून आलेलं आहे. विपश्यना अशी लिहून शिकवता येत नाही आणि मी ती शिकवणारही नाही. तुमचा नामजप चालू आहे, तो तसाच ठेवा. एका विहिरीचं पाणी लागेपर्यंत दुसरी खणायला घेऊ नये.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा भाग रविवारची संध्याकाळ आहे. तुम्ही तो अपयशाची कबुली म्हणून लिहिला आहे. मला तिथेच साधनेचं दार दिसतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 59 वा श्लोक आहे: 'विषया विनिवर्तन्ते निराहारस्य देहिनः। रसवर्जं रसोऽप्यस्य परं दृष्ट्वा निवर्तते॥' जो आहार सोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण रस सोडून. विषय जातो, त्याची गोडी आत राहते. तुमच्या रविवारचं याहून नेमकं वर्णन मी करू शकणार नाही. सकाळी सहाला विषय कपाटात गेला. रस तुमच्यापाशीच राहिला आणि दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी दुप्पट भुकेने बाहेर आला. या श्लोकावर ज्ञानेश्वर माउली झाडाचा दृष्टांत देतात. वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, तर झाड वाळणार कसं? उलट त्या पाण्याच्या बळावर ते आडवंच फोफावतं. सहा ते साडेनऊ ही तुमची आडवी फांदी.

आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात ते यालाच. उपवासाच्या दिवशी फराळ जास्त होतो तो पदार्थ चविष्ट असतात म्हणूनच असं नाही. दिवसभर 'आज खायचं नाही' म्हणत आपण खाण्याचाच जप केलेला असतो. तुम्ही रविवारी बारा तास फोनला हात लावला नाहीत, पण बारा तास फोनचंच स्मरण केलंत. पत्नीला दिसली ती चिडचिड या स्मरणाची आहे. मग ही साधना आहे का? अजून नाही. हे पथ्य आहे. पथ्यालाही किंमत असते, झोप सुधारते, डोळ्यांना विश्रांती मिळते. पण औषध अजून सुरू झालेलं नाही.

आता मी इगतपुरीला काय पाहिलं ते सांगते, कारण रस म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नाही.

शिबिराची रचना तुम्हाला बहुधा ठाऊक असेल. पहिल्या दिवशी नाव नोंदवताना फोन, पुस्तकं, वही-पेन, सगळं जमा होतं. आर्य मौन सुरू होतं. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, एकमेकांकडे बघून हसायचंही नाही. अडचण असेल तर आचार्यांशी किंवा व्यवस्थापकांशी तेवढ्यापुरतं बोलता येतं. पहाटे चारला घंटा, साडेचारपासून बैठक, मध्ये न्याहारी, अकराला जेवण, पाचला चहा, संध्याकाळी सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना मिळते, म्हणजे शरीरावरच्या संवेदना काही न बदलता पाहायला शिकवतात.

2001 मध्ये माझ्याकडे मोबाइल नव्हताच. तरी पहिले तीन दिवस मन जे काही करत होतं ते आज कोणी पडद्यावर दाखवलं, तर तुम्ही म्हणाल ही बाई स्क्रोल करते आहे. जावेशी झालेलं भांडण, मग गॅसची नोंदणी, मग शाळेतली एक मैत्रीण, मग एक जुनं गाणं, परत भांडण. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही आणि कशाचाच शेवट नाही. तेव्हापासून मला कोणी 'मोबाइलने मन बिघडवलं' म्हटलं की ते अर्धंच पटतं. फोन येण्याआधीही मन असंच होतं. फोन त्याच्या चालीला अचूक बसणारा जोडा आहे, इतकंच.

पण नंतरच्या वर्षांत, सेवेला जाताना, एक नवी गोष्ट दिसू लागली. फोन जमा करून आलेल्या मुली पहिल्या दोन दिवसांत चालताना थांबतात आणि हात कमरेपाशी जातो. खिसा रिकामा असतो. हात क्षणभर तिथेच राहतो, मग खाली येतो. जेवायच्या रांगेत, पायऱ्यांवर, झाडाखाली उभ्या असताना, दिवसातून कितीतरी वेळा. एक मुलगी दुसऱ्या दिवशी घाबरून सांगायला आली की मांडीपाशी फोन थरथरल्यासारखा वाटतो. वाचायला काही नसतं म्हणून साबणाचं वेष्टन, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या कितीतरी जणी पाहिल्या आहेत. मीही वाचलं आहे. त्या वेष्टनात त्यांना काय हवं होतं? काहीच नाही. डोळ्यांना फक्त काहीतरी हवं होतं.

हा रस. तो फोनमध्ये नसतो, मजकुरातही नसतो. मन आतल्या अस्वस्थतेपासून बाजूला व्हायला बघतं, ती धाव म्हणजे रस. बुद्धांच्या शिकवणीत याचं स्थान फार नेमकं सांगितलं आहे: वेदनेमुळे तृष्णा. वेदना म्हणजे इथे दुखणं नव्हे, शरीरावर उठणारी कुठलीही संवेदना. आपल्याला वाटतं की आपण व्हॉट्सॲपला चटावलो आहोत. प्रत्यक्षात छातीपाशी एक पोकळी, घशात ओढ, अंगठ्यात शिवशिव असं काहीतरी उठतं आणि ते आपल्याला सहन होत नाही. फोन उचलला की ते दोन क्षण शांत होतं. त्या दोन क्षणांची आपल्याला सवय लागते.

योगसूत्रांत प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून आत वळवणं, हे पाचवं अंग आहे आणि 'डिजिटल डिटॉक्स'ला पर्याय म्हणून हल्ली तो शब्द बराच वापरला जातो. पण सूत्रावरच्या व्यासभाष्यात त्याची उपमा पाहिलीत तर फरक कळेल. मधमाश्यांचा राजा उडाला की माश्या उडतात, तो बसला की बसतात, तशी इंद्रियं चित्तामागे जातात. (आज आपण राणीमाशी म्हणू.) डोळा आणि अंगठा या माश्या. त्यांना एकेक करून पकडून डब्यात घालणं म्हणजे प्रत्याहार नव्हे. राणीमाशी कुठे बसते आहे ते बघायचं. रविवारी तुम्ही माश्या पकडण्यात दमलात.

तरीही फोनला पूर्ण निर्दोष ठरवायला मी तयार नाही. तुमच्या हातातल्या माळेत 108 मणी आहेत आणि एक मेरुमणी आहे. मेरू ओलांडायचा नाही, तिथे थांबायचं, माळ फिरवायची आणि उलट यायचं. आपल्या पूर्वजांनी नामालासुद्धा थांबा ठेवला होता. पोथीचा अध्याय संपतो, वर्तमानपत्राचं शेवटचं पान येतं, कीर्तन आरतीला पोचतं. 2006 च्या सुमारास अझा रास्किन या संगणक-रचनाकाराने न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. ही मेरुमणी काढून टाकलेली माळ आहे. त्यात दुसरी गंमत अशी की प्रत्येक मण्याला काही मिळत नाही, कधीतरीच मिळतं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा दर वेळी मिळण्याऐवजी कधी मिळेल कधी नाही असा मिळाला, तर कबूतर चोच मारणं लवकर सोडत नाही. दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ मारत राहतं. तेव्हा तिसाव्या मण्याला हात सुटतो याचा अपराध स्वतःवर फार घेऊ नका. समोरची माळ ओढण्यासाठीच घडवलेली आहे. तिला मेरू आता तुम्हालाच ओवावा लागेल.

तो कसा, ते मी सासूबाईंकडून शिकले. त्यांना लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण एकादशी त्यांनी जन्मभर अशी धरली की मला ध्यानापेक्षा त्यातून जास्त कळलं. त्यांची एकादशी तीन दिवसांची असे. दशमीला एकभुक्त, दुपारी जेवल्या की रात्री काही नाही. एकादशीला उपवास. आणि द्वादशीला पारणं, तेही ठरल्या वेळेत, नैवेद्य दाखवून, तीर्थ घेऊन, मांडी घालून बसून. पारणं त्यांनी कधी उभ्याने सोडलं नाही. आधी दोन घास वरणभात, मग थांबायचं, मग पुढचं. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, महत्त्वाचा दिवस एकादशी. त्या म्हणायच्या, उपास काय कोणीही करतो गं, सोडता यायला हवा.

तुम्ही रविवार धरलात, पण त्याला दशमी दिली नाहीत आणि द्वादशीही दिली नाहीत. शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत फोन, सकाळी सहाला एकदम शून्य, संध्याकाळी सहाला एकदम पूर. पोटाला असं केलं असतं तर आजारी पडला असता.

म्हणून आधी दशमी. शनिवारी संध्याकाळी ज्यांना उत्तर द्यायचं राहिलं आहे त्यांना देऊन टाका. भाऊ, आई, एखादा मित्र, ज्यांना उद्या तुम्ही लागाल त्यांना सांगून ठेवा. सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपांवर काय चाललं आहे हे पत्नीकडे राहील की आणखी कोणाकडे ते ठरवा, नाहीतर तुमचा उपवास आणि तिच्यावर दुप्पट ओझं असं होतं. मला शंका आहे की मुलीच्या 'शिक्षा' या शब्दामागे असलंच काहीतरी आहे. रात्री आठनंतर बातम्या आणि व्हिडिओ बंद. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ विकत आणा. ही इतकी छोटी गोष्ट आहे की लिहितानाही संकोच वाटतो, पण गजरासाठी उशाशी ठेवलेला फोन किती जणांची पहाटेची साधना खाऊन टाकतो हे मी पाहिलं आहे. डोळे उघडल्यावर पहिला स्पर्श कशाला होतो यावर पुढच्या तासाचं बरंच ठरतं.

मग एकादशी. बारा तास नको. दुपारी बारापर्यंत सहा तास पुरे, पण त्या सहा तासांत एक काम करायचं आहे. फोनची आठवण येईल. ती घालवू नका, तिच्याऐवजी रामनाम ठासून भरू नका, लगेच पुस्तकही उघडू नका. जिथे असाल तिथे थांबा आणि शरीरात बघा, ही आठवण कुठे बसली आहे. तिला जागा असते. कोणाला घशात, कोणाला पोटात, मला तळहातात जाणवते. तिथे काय होतंय? गरम आहे, घट्ट आहे, सरकतंय? श्वास येतोय-जातोय, तो तसाच असू द्या. काही बदलायचं नाही. थोड्या वेळाने, कधी दोन मिनिटांत, कधी पाच-सात, ती ओढ चढते, टोकाला जाते आणि आपसूक ओसरते. तुम्ही काहीही न करता ओसरते. हे एकदा स्वतःच्या अंगावर पाहिलं की जे होतं ते मला शब्दांत नीट पकडता येत नाही. आजवर जिला हुकूम समजून उठत होतो, ती नुसती लाट होती हे कळतं. विपश्यनेचे आचार्य गोयंका गुरुजी शिबिरातल्या ध्वनिमुद्रणात 'अनित्य, अनित्य' म्हणतात ते आपण मान हलवत ऐकतो. अंगठ्यातली शिवशिव समोर विरून जाते तेव्हा ते पहिल्यांदा ऐकू येतं.

सहा तासांत असं तीनदा झालं तरी रविवार सार्थकी लागला. बाकीचा वेळ भाजी निवडा, मुलीबरोबर सायकलवर जा, दुपारी झोपा. डोळे मिटून बसलात तरच विश्रांती असं नाही. मात्र टीव्ही लावू नका, तो त्याच भुकेचा फराळ आहे.

आणि पारणं. माझ्या मते तुमची खरी बैठक हीच. बाराची वेळ झाली की फोनपाशी जा, पण उचलू नका. खुर्चीवर बसा. हात मांडीवर ठेवा. पाच श्वास जाऊ द्या. त्या वेळी रस सगळ्यांत प्रबळ असतो, म्हणजे तो सगळ्यांत स्पष्ट दिसतो. मग फोन घ्या आणि आधी एका माणसाला फोन करा, आवाज ऐका. मग आलेले निरोप बघा, पंधरा-वीस मिनिटं, बसूनच. आडवं होऊन नाही, चालता चालता नाही. वीस मिनिटं झाली की मेरू. फोन खाली ठेवून उठा, पाणी प्या. परत घ्यायचा असेल तर तासाभराने घ्या. पहिले काही रविवार वीस मिनिटांचा दीड तास होईल. होऊ द्या, पण खुर्ची सोडू नका आणि खुर्चीवरून कधी घसरलात तेवढं लक्षात ठेवा.

पारण्याबद्दल इतकं सांगते आहे याला कारण आहे. 2017 मध्ये एक शिबिर फार चांगलं झालं. दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारं ध्यान, मिळाली, मौन सुटलं, मन हलकं होतं. अकराव्या दिवशी सकाळी फोन परत मिळाला आणि मी नाशिकच्या गाडीत बसल्या बसल्या तो उघडला. घोटी येईपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवरचा एक वाद वाचून मी एका आतेबहिणीला असं उत्तर पाठवून बसले होते की पुढे वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. दहा दिवसांचं मौन आणि पाऊण तासाचं पारणं. त्या दिवशी सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या हे मला घरी पोचण्याआधीच कळलं होतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी या विषयावर लिहिणारे क्वचितच सांगतात. मनाची विश्रांती आणि वाणीचा संयम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. शिबिरात आधी शील घेतात, मग श्वास. त्या पाच शीलांत खोटं न बोलणं आहे आणि त्याच ओघात कठोर बोलणं, चहाडी, निरर्थक बडबड टाळणं येतं. तुम्ही रात्री ग्रुपवर कोणाला टोमणा मारला असेल, खातरजमा न करता काही पुढे पाठवलं असेल, तर पहाटे माळ घेऊन बसल्यावर मन तिकडे जाणारच. उत्तर आलं का, कोणी काय म्हटलं. तिसाव्या मण्याला हात सुटतो त्याचं बीज बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या शब्दांत असतं. हे तपासून बघा. एक आठवडा कुठल्याही वादात एक अक्षर लिहू नका, फोन वाटेल तेवढा वापरा, आणि माळ कितव्या मण्याला तुटते ते पाहा. माझ्या ओळखीच्या काहींना वेळेची बंधनं घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

ऑन-कॉलबद्दल तुम्ही फार अपराधी भावनेने लिहिलं आहे. तसं वाटण्याचं कारण नाही. ज्या परंपरेत मी बसते तिच्या मागच्या पिढीचे आचार्य सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र बर्माचे अकाउंटंट जनरल होते. सरकारी फायली सांभाळत त्यांनी साधना केली, कार्यालयातल्या लोकांना शिकवली. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत आणि त्या दिवशीही कागदाच्या चिठ्ठ्यांवर उत्तरं लिहून देत, काम थांबत नसे. ज्ञानेश्वरीत त्या झाडाच्या दृष्टांतापुढे माउली म्हणतात की इतर इंद्रियांचे विषय तोडता येतील, पण जिभेचा रस हट्टाने तोडता येत नाही, कारण त्याशिवाय जगणंच होत नाही. आजचा फोन बऱ्याच अंशी तसा आहे. ओटीपी त्यावर, किराण्याचे पैसे त्यावर, मुलीच्या शाळेची सूचना त्यावर, पोटापाण्याची नोकरी त्यावर. जेवण सोडता येत नाही म्हणून जेवण्याची रीत शिकावी लागते.

तेव्हा ऑन-कॉल असलेल्या आठवड्यात उपवास धरूच नका. फोनची 'डू नॉट डिस्टर्ब' सोय वापरा, त्यात ठरावीक नंबरांचे फोन वाजू देता येतात. ऑफिसचे दोन-तीन नंबर आणि घरचे, बाकी शांत. आवाज मोठा ठेवून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वाजला तर उठा, काम करा, पूर्ण मनाने करा. ते विक्षेप नव्हे, कर्तव्य आहे. काम संपल्यावर 'आता हातात आहेच तर' असं म्हणत जो अंगठा पुढे सरकतो तिथे तुमची साधना. ऑन-कॉलच्या आठवड्यात असे क्षण भरपूर मिळतील.

पहाटेच्या जपाबद्दल दोन शब्द. जपाचं ॲप, मोजणारा काउंटर, 'सलग इतके दिवस' दाखवणारे आकडे काढून टाका. हे मी आग्रहाने सांगते. आकड्याची गोडी ही त्याच रसाची दुसरी वाटी आहे. आरती पाठ असेल तर म्हणा, नसेल तर छापील पुस्तिका घ्या. देवघरात फोन लावून त्यावरची आरती ऐकणं वाईट म्हणत नाही, पण आरती संपल्यावर स्क्रीन बंद होते का, ते तुम्हीच सांगा. आणि हात सुटला की माळ पहिल्यापासून सुरू करू नका. ज्या मण्यावर सुटली तिथेच परत धरा. गीतेच्या सहाव्या अध्यायात म्हटलं आहे तसं, जिथे जिथे मन बाहेर जाईल तिथून तिथून परत आणायचं. रागावून आणायचं असं कुठेही म्हटलेलं नाही.

घरच्यांवर काही लादू नका. सामूहिक संयमाचं चांगलं उदाहरण आपल्याकडे आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यास करतात, माणसं एकमेकांशी बोलतात. मला त्यात दोन गोष्टी आवडतात. वेळ तिन्हीसांजेची आहे, पूर्वी दिवा लावून शुभंकरोती म्हणायची ती. आणि शेवटी पुन्हा भोंगा वाजतो, म्हणजे तिथे मेरू आहे. पण ते गावाने मिळून ठरवलं. तुमच्या घरात तुम्ही एकट्याने ठरवलंत. मुलीला विचारा, तुला कोणती वेळ माझ्याकडून हवी आहे. कदाचित ती रोजची वीस मिनिटं सांगेल आणि रविवारच्या बारा तासांपेक्षा ती अवघड निघतील. तिला हवं असेल तर मुलांसाठी आनापानाची एक दिवसाची शिबिरं असतात, पण तिने मागितलं तरच.

शिबिराला जावं का? हो, सुट्टी मिळेल तेव्हा जरूर जा. पण फोनपासून दहा दिवस सुटका म्हणून जाऊ नका. त्यासाठी कोकणातलं एखादं रेंज नसलेलं गाव पुरेल आणि जेवणही रुचकर मिळेल. तिथे रोज दहा तासांच्या आसपास बसावं लागतं, गुडघे दुखतात, चौथ्या दिवसानंतर तासभर न हलता अधिष्ठानाला बसायचं असतं, जुन्या आठवणी वर येतात. त्या दहा दिवसांत इतर मंत्र-जप बाजूला ठेवावा लागतो, हे तुम्ही नामधारक आहात म्हणून मुद्दाम सांगते. त्याला मनापासून तयारी असेल तरच अर्ज करा. अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका. आणि फोन लांब ठेवल्यावर धडधड, घाम, झोप उडणं असं रोजचं होत असेल, कामावर परिणाम होत असेल, तर तो साधनेचा प्रश्न समजून बसू नका. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाण्याने साधनेला उणेपणा येत नाही.

येत्या रविवारी मात्र फार काही बदलू नका. शनिवारी रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवा आणि रविवारी दुपारी बाराला त्याच्यापाशी खुर्ची ओढून बसा. हात मांडीवर, पाच श्वास. तेव्हा अंगठ्यात, छातीत, घशात जे काही उठेल ते मला जमेल तितक्या साध्या शब्दांत लिहून पाठवा. फोन किती वेळ पाहिलात ते लिहू नका, तो आकडा मला नको आहे.